आधी वजन उतरवा, मग किडनी द्या

"पेशंट कोण, तुम्ही की ह्या?" डॉक्टरांनी विचारलं.

मी मंगलकडे बोट केलं. मंगल माझी धाकटी बहीण, राहात्याला दिलेली. तोंड सुजलेलं, पायात चप्पल जात नव्हती म्हणून ती हातात धरून बसलेली. तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात हे आम्हाला दिवाळीपासून माहीत होतं. त्या दिवशी नगरच्या नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडे, आम्ही वेगळ्या कामासाठी आलो होतो. माझी एक किडनी तिला द्यायची, हे सांगायला.

डॉक्टरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं. आकडा बघितला, जागेवर जाऊन बसले. मग म्हणाले, "तुमचा रक्तगट जुळतोय. तुमचं मनही तयार आहे. पण तुम्हाला ओबेसिटी आहे. म्हणजे स्थूलपणा. आम्ही तो आजारच धरतो. ह्या वजनाच्या माणसाची किडनी काढायला कोणी हात लावणार नाही. आधी वजन उतरवा, मग किडनी द्या."

एकशे चार किलो. उंची साडेपाच फुटांच्या जरा वर. मी गेलो होतो देणारा म्हणून आणि बाहेर आलो पेशंट होऊन. मंगल जिन्यात थांबून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, आता माझं मरणं तुझ्या पोटावर आलं बघ." ती असंच बोलते, लहानपणापासून. मी हसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

डॉक्टरांनी कारण नीट समजावलं होतं, ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल. किडनी देणाऱ्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, ठरावीक मर्यादेत लागतो. जाड माणसाला भूल देणं अवघड. टाके लवकर भरत नाहीत. आणि मुख्य म्हणजे उरलेल्या एका किडनीला तेवढा मोठा देह आयुष्यभर सांभाळायचा असतो. उद्या त्या माणसाला शुगर लागली तर घरात एकाचे दोन पेशंट.

दुसरं कोणी नव्हतं. मंगलच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, बीपी. आईला शुगर. वडील नाहीत. रांगेत मी एकटाच उभा, आणि तोही असा.

नगरमध्येच, सावेडीत, माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी येतात, त्यांची तार मी नव्याने गुंडाळतो. दिवसभर बैठं काम. गिऱ्हाईक आलं की चहा, दुपारी भजी, संध्याकाळी कोणीतरी वडापाव घेऊन येणार. आमच्या घरात जाडपणाला कधी कोणी आजार म्हटलं नाही. खात्यापित्या घरचा दिसतो, एवढंच म्हणायचे, आणि मलाही बरं वाटायचं.

आधी मी एकट्यानेच सुरुवात केली. कॉलनीत फेऱ्या मारल्या, आठवड्यात सोडल्या. मग उपवास धरले. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थी. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, तळलेले बटाट्याचे पापड. महिन्याने वजन दीड किलो वाढलं. माझी बायको ज्योती म्हणाली, "अहो, देव पावला नाही तुम्हाला, साबुदाणा पावला." तिनेच मग मैदानावरच्या ग्रुपची माहिती काढली.

आमच्याकडे एका शाळेच्या मागे मोकळं मैदान आहे. तिथे गायकवाड मॅडम रोज उजाडता उजाडता लोकांकडून व्यायाम करून घेतात. जन्मभर पीटी शिकवलेल्या, आता रिटायर. फी वगैरे काही नाही. येणारे सगळे आमच्यासारखेच. गुडघे धरून चालणाऱ्या बायका, सुटलेल्या पोटांचे दुकानदार, बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब. मॅडमनी मला खालून वर बघितलं आणि विचारलं, "भाऊ, कशासाठी आलात? बारीक दिसायला की जगायला?" मी मंगलचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. मग तुम्हाला सुट्टी नाही."

पहिल्या दिवशी मी कुंपणाशी जाऊन ओकलो. जागेवर पळणं, हात वर करून उड्या, आणि उठाबशा. उठाबशा म्हणजे शाळेत शिक्षा असायची हो! इथे मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस कान न धरता तेच करत होतो. घरी आलो, सोफ्यावर पडलो आणि दुकान उघडायला दुपार झाली.

लोक सांगतात, व्यायामाने ताजंतवानं वाटतं. खोटं नसेल. पण मला कितीतरी महिने फक्त झोप यायची. मांड्या दुखायच्या, चिडचिड व्हायची, समोर वाटीभर भाजी आणि एक भाकरी बघून रडू यायचं. मी हे मुद्दाम लिहितोय. तुम्हालाही असंच वाटलं तर तुमचं काही चुकत नाहीये. अंगातून वर्षानुवर्षांचं साचलेलं काढायचं म्हणजे दमणूक ही होणारच.

न जायचा एकच इलाज मी शोधला होता, तो म्हणजे न उठणं. पण ह्या ग्रुपची रीत अशी की एखादा आला नाही तर दुसऱ्या दिवशी सगळी वरात धावत त्याच्या दारात. फाटकाशी उभं राहून हाका मारायच्या, तो खाली येईपर्यंत जागेवर पळत राहायचं. मी एकदाच दांडी मारली. "संजयभाऊऽऽ" म्हणून वीस जण ओरडले, आख्ख्या सोसायटीचे दिवे लागले, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून मला ठेवणीतल्या दिल्या. परत दांडी मारायची हिंमत झाली नाही. एकट्याने मी कधीच टिकलो नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मंगलचं डायलिसिस राहात्याजवळच्या एका दवाखान्यात चालू होतं. डायलिसिस म्हणजे रक्त बाहेर काढून मशीनने धुवायचं आणि परत अंगात सोडायचं. त्यासाठी तिच्या डाव्या हातात फिस्टुला केला होता, म्हणजे धमनी आणि शीर जोडून एक जाड शीर तयार केलेली, सुया घालायला. दाजींना कामावरून सुट्टी मिळाली नाही की मी जायचो. बाहेरच्या बाकांवर तीच तीच माणसं भेटायची. कोणी कोणाला बरं आहे का असं विचारत नव्हतं. मधेच एखादं माणूस यायचं बंद व्हायचं आणि त्याच्या जागेवर कोणीतरी नवीन बसायचं.

मशीनवर पडल्यापडल्या मंगल मला न्याहाळायची. "दादा, गाल बसले रे तुझे. पोट मात्र आहे तिथंच."

"उतरतंय," मी म्हणायचो.

"लवकर उतरव. मला कंटाळा आलाय." हे ती हसत म्हणाली नव्हती.

पावसाळा लागेपर्यंत बारा किलो कमी झालं. नगरचे डॉक्टर खूश झाले. "अजून सहा-सात उतरवा," ते म्हणाले, "मग पुण्याला पाठवतो. ट्रान्सप्लांटच्या तपासण्या तिथे होतील." ट्रान्सप्लांट म्हणजे प्रत्यारोपण, एकाचा अवयव दुसऱ्याला बसवणं. पुण्याची तारीखही त्यांनी साधारण ठरवली. मी मंगलला फोन केला, पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

आणि अधिक महिना लागला.

धोंड्याचा महिना आमच्याकडे तीन वर्षांतून येतो आणि जावई माणसाची चंगळ होते. पुरण भरलेले धोंडे, त्यावर तुपाची धार, सोबत अनारसे, कपडे, मानपान. माझी सासुरवाडी सोनईची. सासूबाईंना मी मामी म्हणतो. मामींचा हात असा की वाढायला बसल्या तर ताटाचा तळ दिसत नाही.

पहिल्या जेवणाला मी गेलो. तेवढं चालतंय, मॅडमही म्हणाल्या होत्या. पण आठ दिवसांनी मामींचा फोन, थोरल्या काकांकडे बोलावलंय. मग मामेसासऱ्यांकडे. मग मावशी. मी नाही म्हटलं तर मामी म्हणायच्या, "जावईबापू, तीन वर्सांनी येतोय हा महिना. मान्साचा मान हाय त्यो. तुमी न्हाई म्हनल्यावर मी भावकीत काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, "मामी, मंगलसाठी वजन कमी करतोय. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठावं हाय की. म्हनून तर खा म्हनते. आपरेशनला रगत लागतंय, अंगात ताकद नगं का? पार वाळून गेलाव." आणि अजून एक धोंडा ताटात पडायचा. वर ज्योतीच्या भावाबरोबर अनारशांचे डबे दुकानावर यायचे. आता तुपातला अनारसा समोर आणि महिनोन्‌महिने उपाशी असलेला मी. मी काही साधुसंत नाही. खाल्ले.

मैदानावर मॅडमनी काट्यावर उभं केलं. "भाऊ, हे काय?"

"धोंडे," मी म्हणालो, आणि सगळे खो खो हसले, कारण निम्मं मैदान त्या महिन्यात जावईच होतं. त्यांचं ठीक होतं.

नगरच्या डॉक्टरांना हसू आलं नाही. पाच किलो परत वाढलं होतं आणि उपाशीपोटीची शुगर वर गेली होती. "ह्याला प्रीडायबेटिस म्हणतात," ते म्हणाले. "म्हणजे शुगरच्या उंबऱ्यावर तुम्ही उभे आहात. ह्या रिपोर्टवर पुणेवाले तुम्हाला दारातूनच परत पाठवतील. तारीख पुढे ढकलूया." मंगलला काय सांगायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "खरं सांगा."

सांगायची वेळच आली नाही. त्याच आठवड्यात तिला धाप लागली, ओठ निळे पडले, दाजींनी तिला उचलून आयसीयूत नेलं. पल्मोनरी एडिमा, म्हणजे फुप्फुसात पाणी भरलेलं. मी दुकान तसंच टाकून राहात्याला पळालो. आयसीयूच्या बाहेर भिंतीला टेकून उभा होतो तर मामींचा फोन. रविवारी धाकट्या काकांकडे यायचं.

"मामी, मंगल आयसीयूत आहे," मी म्हणालो.

त्यांनी हळू आवाजात विचारलं, "म्हंजी आता आपरेशन होत न्हाई का?"

त्या आवाजात काळजी होती. पण तिच्याखाली अजून काहीतरी होतं. सुटल्यासारखं. मी फोन बंद केला. महिनाभराची सगळी ताटं डोळ्यांपुढे आली.

मंगल दोन दिवसांनी बाहेर आली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ज्योतीला घेऊन सोनईला गेलो. मामी ओसरीवर घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. जावयाने सासूवर आवाज चढवू नये. मी चढवला. "मामी, तुम्ही मला मुद्दाम खाऊ घालत होता. मी जाड राहावं म्हणून. खरं सांगा."

त्यांनी शेंग मोडली, सुपात टाकली. "व्हय. मुद्दाम घातलं."

ज्योती म्हणाली, "आई!"

"ओरडू नगं. व्हय, घातलं. माझ्या लेकीला दोन लेकरं हायती. मंगललाबी हायती, मला काय कळत न्हाई का? पोरगी चांगली हाय ती. पन मी हिची आय हाय. उद्या तुमाला टेबलावर काय झालं तर हिनं कुनाकडं बघायचं? त्या डाक्टराकडं? धोंडं खाऊन मानूस मरत न्हाई. पोट फाडल्यावर मरतंय. म्हनून घातलं." त्यांचे हात थांबले होते.

माझा सगळा राग तोंडातच राहिला. तेवढ्यात ज्योती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "मीच रडले होते आईपाशी. मला भीती वाटते. तुमच्यापाशी कुठल्या तोंडाने बोलणार? तुमची बहीण आहे."

आठ महिने हे सगळं एकाच घरात चाललं होतं. रोज तिने माझी भाकरी वेगळी थापली, भाजीत तेल मोजून घातलं. आणि एक शब्द बोलली नव्हती. मी ओसरीच्या पायरीवर बसलो. इतकं थकल्यासारखं मला मैदानावर कधी वाटलं नव्हतं. मग म्हणालो, "चला माझ्याबरोबर दोघी. जे विचारायचं ते डॉक्टरांना विचारा. त्यानंतर तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

हे बोलताना मंगलचा चेहरा समोर होता. पण बोलून गेलो खरा.

मामींनी डॉक्टरांना नमस्कार केला नाही, खुर्चीत टेकल्या टेकल्या विचारलं, "ह्यो मेला तर?"

डॉक्टर दचकले नाहीत. "धोका शून्य आहे असं मी सांगणार नाही, आजी. कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण फार कमी आहे, आणि जेवढं वजन कमी तेवढा तो कमी. दुसरी गोष्ट. हे असेच जाड राहिले, शुगर लागली, तर ह्यांच्या स्वतःच्या किडन्या जाऊ शकतात. तेव्हा ह्यांना कोण देणार? तुम्ही ह्यांना वाचवायला खाऊ घालताय, पण ते वाचवणं नाही."

मामी ज्योतीकडे वळून म्हणाल्या, "तुला काय वाटतंय ते तू सांग. माझं सोड."

ज्योती म्हणाली, "भीती जात नाही. पण मंगलताईंना काही झालं तर मी ह्यांच्याकडे बघू शकणार नाही."

मामी उठल्या आणि सोनईची एसटी धरून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आमच्या फ्लॅटवर हजर! राहायलाच आल्या. त्या दिवसापासून माझे हाल विचारू नका. मॅडम परवडल्या. आमटीवर तवंग दिसला तर मामी वाटी उचलून न्यायच्या. दुकानात येऊन चहावाल्याला दम भरून गेल्या. मैदानावर येऊन कट्ट्यावर बसायच्या आणि मी दम खायला थांबलो की ओरडायच्या, "काय झालं? बसाय आलाव का हितं?" मॅडमनी त्यांनाही खुर्चीवरून उठबस करायला लावली. "माझं गुडघं गेल्यात," म्हणाल्या, आणि करत राहिल्या.

दिवाळीच्या तोंडावर काटा हवा तिथे आला आणि डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथे सीटी अँजिओग्राफी झाली, म्हणजे किडनीच्या रक्तवाहिन्यांचे फोटो, कुठली काढायची ते बघायला. जीटीटी झाली, म्हणजे ग्लुकोजचं पाणी पाजून शुगर किती चढते ते बघायचं. त्या दिवशी रिपोर्ट हातात पडेपर्यंत मी लॅबच्या दारातून हललो नाही. पास झालो. मग प्रत्यारोपणाला परवानगी देणारी समिती बसली. त्यांनी ज्योतीला एकटीला विचारलं, तुमच्यावर दबाव आहे का? ती म्हणाली, "भीती आहे. दबाव नाही." परवानगी मिळाली.

तुमच्या घरात कोणी डायलिसिसवर असेल आणि द्यायला तुम्ही पुढे झाला असाल, तर माझं एवढंच म्हणणं. वजन उतरवायला माणसं शोधा, दारात येऊन हाका मारणारी. आणि घरातल्यांना बसवून विचारा, तुम्हाला कशाची भीती वाटते. मला ते कोणी सांगितलं नव्हतं. गायकवाड मॅडमचे, त्या वीस जणांचे, दोन्हीकडच्या डॉक्टरांचे आणि ज्योतीचे उपकार फेडायचे म्हटलं तरी फिटायचे नाहीत. मी अजूनही रोज मैदानावर जातो. अजूनही कंटाळा येतो.

ऑपरेशननंतर मला जाग आली तेव्हा कुशीत आग पडली होती आणि घशाला कोरड. मंगल दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या आड. तिची नवी किडनी चालू झाली की नाही, कोणी सांगेना. सिस्टर म्हणायची, डॉक्टर सांगतील. ज्योती माझ्या पायाशी उभी होती, मामी कुठे दिसेनात.

भेटायच्या वेळेत दार धाडकन उघडलं. मामी. पदर खांद्यावरून घसरलेला, दम लागलेला. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "जावईबापू! मुतली! मंगल मुतली! पिशवी भरली, दुसरी लावली!"

किडनी गेलेल्या माणसाची लघवी हळूहळू बंद होते. नवी किडनी अंगाने धरली की आधी लघवी सुरू होते, बाकी सगळं नंतर.

शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. मी हसायला गेलो, टाके ओढले, आणि मला रडू फुटलं. सिस्टर धावत आली. "आजी, हळू बोला ना. पेशंट झोपलेत."

"हळू कशाला?" मामी डोळे पुसत म्हणाल्या. "वर्सानं मुतलंय आमचं लेकरू."